शिवणीतली माया

आत्या जाऊन वर्ष झालं. परवा तिच्या हातचा एक जुना फ्रॉक मुलीला घालून पाहिला, तर अंगात घट्ट. उसवायला बसले. आत दोन्ही बाजूंना बोटभर जास्तीचं कापड दुमडून ठेवलेलं होतं, खालच्या दुमडीत तर चांगलं चार बोटं. शिवणारे लोक याला ‘माया’ म्हणतात. लहान मुलाचा कपडा आत्याने माया ठेवल्याशिवाय कधी शिवला नाही. “पोरं वाढतात गं, कापड वाढत नाही,” म्हणायची. हा फ्रॉक तिने ३० वर्षांपूर्वी माझ्यासाठी शिवला होता. ती माया मोकळी केली आणि तो माझ्या लेकीला बसला. जुन्या शिवणीच्या जागी सुईच्या भोकांची रांग दिसते. आत दडलेलं कापड बाहेरच्यापेक्षा गडद आहे, इतकी वर्षं त्याला ऊनच लागलेलं नाही. इस्त्री कितीही फिरवली तरी ती रेघ जात नाही. जाऊ नये असंच वाटतं आता.

माझी कॉलेजची फी तिने भरली, तेव्हा म्हणाली, “हे तुझ्या काजं-बटणांच्या कामाचे.” मी दहा काजंसुद्धा धड केली नव्हती. पण ते पैसे घेताना मला मान खाली घालावी लागली नाही. हे तिने ठरवून केलं होतं, हे कळायला मला स्वतः कुणाला तरी पैसे द्यायची वेळ यावी लागली.

तुमच्या आत्या, मावशी, काकू, मामीबद्दल लिहाल का? मोठं काही नको. एखादी वस्तू, एखादी सवयसुद्धा चालेल.

* * *

‘माय मरो पण मावशी जगो’ ही म्हण मला लहानपणी ऐकवत नसे. आई गेली तेव्हा मी ७ वर्षांचा होतो, आणि घरी येणारं प्रत्येक माणूस माझ्या डोक्यावर हात ठेवून तेच म्हणायचं. मावशीने मला आई म्हणायला कधी सांगितलं नाही. शाळेच्या फॉर्मवर आईच्या नावाच्या रकान्यात ती दर वर्षी तिच्या बहिणीचंच नाव लिहायची, सावकाश, वळणदार अक्षरात. पालकांच्या सहीच्या जागी मात्र तिची सही. आईचं नाव माझ्या आयुष्यातून पुसलं जाऊ नये, याची काळजी तिने घेतली.

गेल्या महिन्यात मावशी गेली. आईच्या वेळचं राहून गेलेलं रडूही आत्ताच आलं.

* * *

मामीने नेत्रदानाचा फॉर्म भरला होता, आणि आम्हा सगळ्यांना एकेकाला गाठून सांगून ठेवलं होतं. “तेव्हा आठवण करायला मी नसेन,” म्हणाली. ती रात्री गेली. मामांना काही सुचेना. मला मात्र तिने पाठ करून घेतलेलं सगळं आठवलं: पंखा बंद करायचा, पापण्या मिटवून वर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची, आणि ६ तासांच्या आत सगळं व्हायला हवं. नेत्रपेढीला फोन केला. मामा म्हणाले, अरे, तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, चालेल का? चालतं. मोतीबिंदूत आतलं भिंग बदलतात. दान होतं ते डोळ्याच्या पुढचं पारदर्शक पटल, पारपटल. थोड्या वेळात ते लोक काम करून गेलेही. मामीचा चेहरा होता तसाच शांत.

एकीच्या डोळ्यांनी दोघांना दिसू शकतं. कुणाला, ते सांगत नाहीत. मामीही देताना कुणाला नाव विचारायची नाही.

* * *

काकू गेली. रजेच्या अर्जात ‘काकू’ लिहिलं. “सख्खी का?” असं ऑफिसात विचारलं. एक दिवस मिळाला. ज्या बाईने मला सायकल शिकवली, माझ्या पहिल्या नापास निकालावर माझ्याआधी रडली, तिच्यासाठी एक दिवस.

* * *

आत्याचे आवाजी निरोप माझ्या फोनमध्ये होते. फोन बदलला आणि गेले. तुमच्याकडे असतील तर आजच दुसरीकडे उतरवून ठेवा.

* * *

सगळ्यांचं वाचलं. माझं थोडं वेगळं आहे. माझी मावशी फार दिलदार होती, आणि आम्ही सगळ्यांनी तिच्याकडून घेत घेत तिला झिजवली. कुणाचं बाळंतपण, कुणाचं आजारपण, कुणाची मुलं परीक्षेपुरती. हाक कुणीही मारो, मावशी निघाली. ती गेल्यावर कपाट उघडलं. आम्ही तिला दिलेल्या भेटी घडी न मोडता तशाच होत्या, प्रत्येकीवर चिठ्ठी लावून: ही अमक्याला, ही तमक्याला. स्वतःसाठी ठेवलेलं असं काहीच सापडलं नाही. तिला काय हवं होतं, हे मला माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही. तिला मोठ्या मनाची म्हणताना हे मला टोचतं.

* * *

वरचं वाचून आत्ता मावशीला फोन लावला. “तुला काय हवंय?” असं सरळ विचारलं. आधी म्हणाली, मला काय हवं असणार? मग बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, डाव्या डोळ्याला कमी दिसतंय रे, डॉक्टरकडे सोबत कुणीतरी हवं होतं.

उद्या सकाळी जातोय.