चांदीच्या नादात शेतकऱ्यांचा पक्ष बुडाला का? अमेरिका, १८९६

कापूसकोंड्या (धागाकर्ता)

'पॉप्युलिस्ट' ही हल्ली शिवी झालीय. कुठलाही आरडाओरडा करणारा पुढारी दिसला की चिकटव लेबल. मूळचे पॉप्युलिस्ट म्हणजे टेक्सास, जॉर्जिया, कान्सासमधले कर्जाने पिचलेले शेतकरी. १८९२ साली पीपल्स पार्टीतर्फे त्यांनी जेम्स वीव्हरला अध्यक्षपदासाठी उभं केलं, १० लाखांवर मतं घेतली, कान्सास, कोलोरॅडो, आयडाहो आणि नेव्हाडा ही राज्यं जिंकली. १८९६ नंतर मात्र पक्ष नावापुरता उरला. माझं मत असं की विरोधकांनी मारण्याआधीच तो चांदीपायी, म्हणजे सोन्याबरोबर चांदीचीही नाणी हवी तितकी पाडा या मागणीपायी, मेला होता.

आधी दुखणं काय होतं ते सांगतो. यादवी युद्धानंतर दक्षिणेतल्या शेतकऱ्याकडे रोकड नव्हती आणि जवळपास बँक नव्हती. होता तो 'फर्निशिंग मर्चंट', म्हणजे दुकानदार आणि सावकार एकाच गल्ल्यावर बसलेला. उन्हाळ्याआधी शेतकरी त्याच्याकडे जायचा, अजून पेरलंही नाही ते पीक लिहून द्यायचा आणि वर्षभर खारवलेलं डुकराचं मांस, मक्याचं पीठ, खत, कापड उधारीवर उचलायचा. दुकानात एकाच वस्तूला दोन भाव: रोखीचा वेगळा, उधारीचा वेगळा. उधारीचा भाव चढा, त्यावर पुन्हा व्याज. दुकानदाराची अट एकच, कापूसच लाव. मका लावलास तर तूच खाशील, माझ्या काय कामाचा! हंगामाला सरकी काढली, गाठी बांधल्या, वजन झालं, वही उघडली, की बाकी निघायचीच. मग पुढच्या वर्षाच्या कागदावर सही. दुकान बदलायचीही सोय नाही, कारण पीक याच्याकडे अडकलेलं.

यावर फार्मर्स अलायन्स या शेतकरी संघटनेच्या चार्ल्स मॅक्यूनने १८८९ मध्ये 'सब-ट्रेझरी' मांडली. सरकारने गोदामं बांधावीत, शेतकऱ्याने माल ठेवून बाजारभावाच्या ८० टक्क्यांपर्यंत सरकारी नोटांत उचल घ्यावी, व्याज सालीना १ टक्का, आणि भाव चढला की वर्षभरात माल विकावा. आपल्या बाजार समित्यांची शेतमाल तारण योजना ज्यांनी वापरलीय त्यांना हे चटकन कळेल. पण मॅक्यूनचा डाव त्याहून मोठा होता. त्या नोटांमुळे देशातलं चलनच सुगीला वाढणार आणि माल विकला गेला की आटणार होतं. सावकाराच्या वहीलाच हात घालणारी ही मागणी १८९६ मध्ये बाजूला पडली आणि पॉप्युलिस्टांनी डेमोक्रॅट पक्षाच्या विल्यम जेनिंग्ज ब्रायनला आपला अध्यक्षपदाचा उमेदवार केलं. त्याच्या जाहीरनाम्यात सब-ट्रेझरी नव्हती, रेल्वेचं सरकारीकरण नव्हतं. चांदी मात्र ठळक होती.

सनदी हिशेबनीस

साफ असहमत. चांदीला 'नाद' म्हणताय म्हणजे तुम्ही हिशेब केलेला दिसत नाही. कर्ज डॉलरमध्ये, पीक बुशेलमध्ये (धान्याचं माप). १८७० च्या सुमारास बुशेलभर गव्हाला डॉलरच्या आसपास मिळत होते, १८९४ मध्ये जेमतेम त्याच्या निम्मे. १००० डॉलरचं कर्ज फेडायला आधी हजार बुशेल लागायचे, नंतर दोन हजार. शेतकऱ्याने एक पैचीही उधळपट्टी केलेली नसताना कर्ज दुप्पट झालं! १८७३ च्या कायद्याने चांदीचा डॉलर पाडणं बंद झालं, १८७९ पासून नोटा सोन्याला बांधल्या गेल्या. माणसं वाढली, रेल्वे वाढली, गहू वाढला, सोनं त्या वेगाने वाढेना. भाव पडणार नाहीत तर काय?

पुढचंही बघा. १८९६ नंतर क्लोंडाइक आणि दक्षिण आफ्रिकेचं सोनं बाजारात आलं, भाव चढले आणि शेतकऱ्याला जरा बरे दिवस दिसले. म्हणजे चलन कमी पडतंय हे त्यांचं निदान बरोबर होतं, औषध फक्त दुसऱ्याच दुकानातून आलं.

अवांतर: या भानगडीत आपला रुपयाही आहे. लिव्हरपूलला अमेरिकन गहू हिंदुस्थानी गव्हाशी झुंजत होता. रुपया चांदीचा, म्हणून चांदी घसरली की रुपया घसरायचा, पण इथल्या रयतेच्या हातात रुपये साधारण तेवढेच पडायचे, त्यामुळे तो गहू इंग्रजाला स्वस्त. अमेरिकेतले चांदीवाले हा मुद्दा सभेत हमखास काढत. जून १८९३ मध्ये हिंदुस्थान सरकारने टांकसाळी चांदीला बंद केल्या, चांदी धाडकन कोसळली, आणि त्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसने सरकारी चांदीखरेदीचा कायदाही रद्द केला.

कापूसकोंड्या

टांकसाळीचा संदर्भ भारी. पण हिशेबनीस साहेब, नवा डॉलर पडतो तो आधी कुणाच्या हातात? मागणी होती १६ औंस चांदी बरोबर १ औंस सोनं या दराने नाणी पाडा. बाजारात तेव्हा एका औंस सोन्याला तिसाहून जास्त औंस चांदी मिळत होती. म्हणजे खाणमालकाने चांदी टांकसाळीत नेली की दुपटीचा सौदा. कोलोरॅडो-नेव्हाडातल्या खाणवाल्यांनी चांदीच्या प्रचारावर पैसा ओतला तो काय शेतकऱ्याच्या कळवळ्याने? जॉर्जियातल्या कुळापर्यंत तो डॉलर पोचणार कसा, तर दुकानदाराच्या गल्ल्यातून. वही तीच, दोन भाव तेच.

आजीचा बटवा

थोडं विषयांतर करते. सब-ट्रेझरी आणि चांदी यांच्या आधीचं एक तागाचं प्रकरण आहे, ते मला फार आवडतं. कापसाच्या गाठी तागाच्या गोणपाटात बांधत, ताग अर्थातच बंगालचा. १८८८ मध्ये अमेरिकेतल्या गोणपाटवाल्यांनी एकी करून भाव चढवला. अलायन्सच्या शेतकऱ्यांनी ठरवलं, ताग नकोच, गाठी सुती कापडात बांधू. मग त्याच जाड्याभरड्या कापडाचे कपडे शिवून लोक सभांना आले. अटलांटात १८८९ मध्ये तर त्या कापडात लग्नं लागली! आणि गोणपाटवाले नमले की हो. चळवळ कुठे जिवंत होती ते यातून कळतं. पुढे नुसतीच भाषणं.

आडवा बाण

भाषणांना नावं ठेवू नका ताई. धागाकर्त्याचा सगळा रोख तत्त्वावर आहे, निवडणूक कुणी लढायची? अमेरिकेत ज्याला जास्त मतं तो राज्य घेऊन जातो, तिसऱ्या पक्षाला चटणीइतकीही जागा नाही. १८९६ मध्ये वेगळा उमेदवार दिला असता तर चांदीची मतं फुटली असती आणि खापर पॉप्युलिस्टांवरच फुटलं असतं. १८९२ चा उमेदवार वीव्हर स्वतः ब्रायनबरोबर जाण्याच्या बाजूचा होता, तो काय विकला गेला होता?

फार तर म्हणा की युती धड केली नाही. डेमोक्रॅटांचा उपाध्यक्षपदाचा उमेदवार आर्थर स्यूअल, मेनमधला जहाजं बांधणारा आणि वर बँकवाला. तो घशाखाली उतरेना म्हणून पॉप्युलिस्टांनी त्या पदासाठी आपल्या जॉर्जियातल्या टॉम वॉटसनला उभं केलं. नवरदेव एक आणि मांडव दोन.

आणि हरले ते चांदीने शेतकरी फसला म्हणून नाही, शहरं आली नाहीत म्हणून. कारखान्यातल्या मजुराला कळत होतं की भाव वाढले तर पाव आधी महागेल आणि पगार मागाहून. ब्रायनला ६५ लाख मतं, रिपब्लिकन मॅकिन्लीला ७१ लाख. ईशान्येतलं एकही राज्य ब्रायनला मिळालं नाही.

वैशाख वणवा

सगळे 'शेतकरी, शेतकरी' करताय, कुठला शेतकरी? गोऱ्या अलायन्समध्ये काळ्यांना प्रवेश नव्हता. म्हणून १८८६ मध्ये टेक्सासमध्ये कलर्ड फार्मर्स अलायन्स वेगळी निघाली. तिचा दावा १० लाखांहून जास्त सभासदांचा होता. त्यातले बहुतेक कुळं आणि मजूर, तर गोऱ्या अलायन्सचे अनेक पुढारी जमीनमालक.

सप्टेंबर १८९१ मध्ये कापूसवेचणीच्या मजुरांनी १०० पौंडांना १ डॉलर मागितला आणि संपाची हाक दिली. गोऱ्या अलायन्सचा अध्यक्ष लिओनिडस पोक, त्याच्या वर्तमानपत्राने सल्ला काय दिला? ५० सेंटहून जास्त देण्यापेक्षा कापूस शेतात राहू द्या. बाकी ठिकाणी संप उभाच राहिला नाही. आर्कान्सातल्या ली काउंटीत उभा राहिला, तिथे जमावाने १५ च्या आसपास काळी माणसं मारली. कुणाला फासावर लटकवलं, कुणाला गोळ्या घातल्या. मॅक्यूनचं गोदाम झालं असतं तरी त्याची पावती मालकाच्या खिशात गेली असती. पक्ष चांदीने मेला की युतीने, हा वाद मला माडीवरचा वाटतो. पाया १८९१ मध्येच खचला होता.

कापूसकोंड्या

ली काउंटीचा मुद्दा माझ्या मांडणीत नव्हता, तो असायला हवा होता. वॉटसनचं नाव निघालंच आहे तर एक प्रसंग सांगतो. १८९२ मध्ये जॉर्जियात डॉयल नावाचा काळा धर्मोपदेशक वॉटसनच्या प्रचारात बोलत होता. त्याला मारण्याची धमकी आली, तो वॉटसनच्या घरी आला. वॉटसनने सांगावा धाडला आणि गोरे शेतकरी बंदुका घेऊन त्याच्या राखणीला येऊन बसले. त्याच राज्यात, त्याच काळात! वॉटसन सभांतून सांगायचा की तुम्हाला वेगळं ठेवतात ते दोघांना वेगवेगळं लुबाडता यावं म्हणून. म्हणून मी १८९१ ला पूर्णविराम मानत नाही.

वैशाख वणवा

आणि त्याच वॉटसनने पुढे काळ्यांचा मताधिकार काढून घेण्याला पाठिंबा दिला, कॅथलिक आणि ज्यूंविरुद्ध गरळ ओकली, आणि १९२० मध्ये सिनेटवर निवडून आला. बंदुका घेऊन आलेले शेतकरी वॉटसनच्या हाकेला आले होते, डॉयलच्या हाकेला आले असते का?

सनदी हिशेबनीस

हा प्रश्न अवघड आहे. पण सगळं पाण्यात गेलं असं म्हणू नका. पीपल्स पार्टीच्या १८९२ च्या ओमाहा जाहीरनाम्यात चढता आयकर होता, सिनेटरांची थेट निवडणूक त्याच अधिवेशनाच्या ठरावांत होती. दोन्ही १९१३ मध्ये घटनेत आले, तेही पॉप्युलिस्टांना अडाणी म्हणणाऱ्यांच्या हातून.

कापूसकोंड्या

सब-ट्रेझरीचंही तसंच. १९३३ मध्ये रूझवेल्टच्या सरकारने कापूस तारण ठेवून पौंडाला १० सेंटने कर्ज द्यायला सुरुवात केली. मॅक्यूनचीच कल्पना, ४४ वर्षं उशिरा.

वैशाख वणवा

१९३३ चं नाव काढलंत म्हणून सांगते. त्याच वर्षी भाव चढवायला सरकारने उभा कापूस नांगरून टाकायला लावला आणि त्याचे पैसे दिले. चेक गेले जमीनमालकाकडे, आणि जमीन कमी कसायची म्हटल्यावर कुळांना खोपटं खाली करायला सांगितलं. जुलै १९३४ मध्ये आर्कान्सातल्या टायरॉन्झाजवळ अशी १८ माणसं एका शाळेत जमली, ११ गोरी, ७ काळी. ली काउंटी तिथून फार लांब नाही. पहिला प्रश्न निघाला तो हाच की संघटना दोन काढायच्या की एक. त्यांनी एकच काढली.