बर्फातलं रात्रीचं ड्रायव्हिंग: हेडलाइट, फॉगलाइट कोणते घ्यावेत?

सर्वांना सप्रेम नमस्कार,

शनिवारी संक्रांतीच्या कार्यक्रमाहून परतताना इथे कॅनडात, ऑन्टारियोतल्या ४०२ हायवेवर जे झालं ते अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. इथल्याच लंडन गावातल्या हॉलमधून निघालो तेव्हा आकाशात चांदण्या होत्या. वाटेतलं स्ट्रॅथरॉय मागे पडलं आणि दहा मिनिटांत समोरचा रस्ताच नाहीसा झाला. घाबरून मी अप्पर लावला, तर कुणीतरी काचेवर पांढरी चादर टाकावी तसं झालं. मागच्या सीटवर बायको आणि चार वर्षांची मुलगी. कसाबसा चाळीसच्या वेगानं, उजव्या कडेची रेघ शोधत घरी सार्नियाला पोचलो. दुसऱ्या दिवशी ठरवलं की आता दिव्यांचं काहीतरी करायचंच.

गाडी २०१२ची, वापरलेली घेतलेली सेडान आहे. हेडलाइट हॅलोजन, फॉगलाइट नाहीत. त्याच हॅलोजनच्या जागी बसणारे ६००० केल्विनचे, म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाचे एलईडी बल्ब ऑनलाइन मागवलेत, उद्या येतील. फॉगलाइटही बसवायचे आहेत, पण पिवळे घ्यावेत की पांढरे? मी नाशिकचा. पावसाळ्यात कसारा घाटात दिव्यांवर पिवळा कागद चिकटवलेल्या गाड्या लहानपणापासून पाहिल्यात, म्हणून विचारतो. आमचा हा पहिलाच हिवाळा आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

आपला,
सार्नियाकर

---

प्रिय सार्नियाकर,

तुम्ही तिघं सुखरूप पोचलात, हे आधी वाचलं आणि मगच पुढचं वाचलं.

मी स्ट्रॅथरॉयला राहतो. सार्नियाच्या रिफायनरीत रात्रपाळ्या करण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे हा रस्ता मला घरच्या अंगणासारखा आहे. ह्यूरॉन सरोवर गोठलेलं नसलं की त्याच्या उबदार पाण्यावरून येणारं गार वारं वाफ उचलतं आणि जमिनीवर आल्यावर पट्ट्यापट्ट्यांनी बर्फ ओततं. एका पट्ट्यात चांदणं, पुढच्या पट्ट्यात काही म्हणजे काही दिसत नाही. तुला भेटला तो असाच पट्टा. डिसेंबर २०१० मध्ये याच ४०२ वर तीनशेहून जास्त माणसं गाड्यांमध्ये अडकली होती. त्यांना सोडवायला लष्कराची हेलिकॉप्टरंही आणावी लागली. त्या रात्री माझी पाळी संपली तरी सुपरवायझरनं मला घरी सोडलं नाही. त्याचे उपकार मी विसरलेलो नाही.

आता दिव्यांचं. ते एलईडी बल्ब बसवू नकोस, परत कर. हॅलोजनच्या हेडलाइटमधला आरसा त्या बारीक तारेच्या नेमक्या जागेवरून आखलेला असतो. तार जिथे असते तिथेच आणि तशीच एलईडीची चकती बसत नाही. मग उजेड जिथे जायला हवा तिथे न जाता वर आणि बाजूला फाकतो. भिंतीवर बघशील तर लख्ख दिसेल, म्हणून माणूस फसतो. तो वर फाकलेला उजेड बर्फात तुझ्याच डोळ्यांत परत येणार आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवणार. पाकिटावर बारीक अक्षरात ‘फक्त ऑफ-रोड वापरासाठी’ असं बहुधा लिहिलेलं असेल, बघ. आपल्या रस्त्यांवर ते कायद्यात बसत नाहीत. कारखान्यातूनच एलईडी दिवे लागून आलेली गाडी वेगळी, तिचा आरसा आणि भिंग एलईडीसाठीच केलेलं असतं.

‘जास्त उजेड म्हणजे जास्त दिसणार’ हा हिशेब बर्फात उलटा पडतो. पुढच्या वेळी बर्फ पडेल तेव्हा अंगणात उभा राहा आणि हातातली बॅटरी कपाळाला लावून समोर मार. पांढरे ठिपके सोडून काही दिसणार नाही. मग तीच बॅटरी गुडघ्याजवळ धर. कुंपण दिसायला लागेल. बॅटरी तीच, उजेड तोच. पडणारा प्रत्येक कण थोडा उजेड आल्या वाटेनं मागे फेकतो, आणि दिवा डोळ्यांच्या रेषेच्या जितका जवळ, तितका तो परतीचा उजेड थेट डोळ्यांत. अप्पर लावल्यावर चादर पडली ती यामुळे. फॉगलाइट बंपरच्या खालच्या अंगाला असतात, तेही याचसाठी. त्यांचा उजेड रुंद, आखूड आणि वरच्या बाजूला सुरीनं कापल्यासारखा असायला हवा. तो लांबचं दाखवत नाही. पुढची पंधरा-वीस पावलं आणि रस्त्याच्या दोन्ही कडा दाखवतो, आणि व्हाइटआउटमध्ये, म्हणजे बर्फात सगळं पांढरं होऊन काही दिसेनासं होतं तेव्हा, कडा दिसणं म्हणजेच सगळं.

गावाकडे हेडलाइटच्या वरच्या भागाला काळा पट्टा किंवा काळा टिळा लावलेला असायचा, आठवतंय? त्यामागचा विचारही हाच: वर जाणारा उजेड अडवायचा.

पिवळा की पांढरा, यावर इथले ट्रकवालेही तासन्‌तास वाद घालतात. पिवळा उजेड धुकं भेदून जातो असं म्हणतात, ते खरं नाही. धुक्याचे थेंब आणि बर्फाचे कण प्रकाशाच्या लहरींपेक्षा खूप मोठे असतात, ते सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात. पण पिवळ्या दिव्यात निळा भाग गाळलेला असतो, आणि डोळ्यांना चमक सर्वांत बोचते ती निळसर उजेडाची. दोन तास बर्फात बघत राहायचं तर पिवळा सुखावतो, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. फ्रान्समध्ये तर १९९३पर्यंत पिवळे हेडलाइट सक्तीचे होते. तेव्हा आवडत असेल तर पिवळे घे, पण रंगापेक्षा आकार बघ. काचेवर ‘एसएई’ (वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या मानकाची खूण) आणि त्यापुढे ‘एफ’ हे अक्षर कोरलेलं असेल तरच तो खरा फॉगलाइट. नुसते गोल झगझगीत दिवे किंवा छतावरची लांब पट्टी हे फॉगलाइट नव्हेत. बसवताना रिले आणि फ्यूज घालून नीट वायरिंग करून घे. उजेडाच्या वरच्या कडेची, म्हणजे कटऑफची रेघ साडेसात मीटरवरच्या भिंतीवर दिव्याच्या उंचीपेक्षा चार बोटं खाली पडू दे.

हे सगळं करण्याआधी, फुकटातलं काम. तुझ्या हेडलाइटच्या काचा पिवळट, धुरकट झाल्यात का? त्या काचेच्या नसतात, पॉलिकार्बोनेटच्या असतात, उन्हानं खराब होतात. तशा असतील तर कोणताही बल्ब घाल, उजेड आतच विखुरणार. घासून, पॉलिश करून, वरून यूव्ही कोट, म्हणजे उन्हापासून वाचवणारा थर दे. मग चांगल्या कंपनीचे साधे ५५ वॅटचे हॅलोजन बल्ब, दोन्ही बाजूंचे एकदम बदल. जुन्या हॅलोजनचा उजेड वर्षागणिक मंदावतो, आपल्याला कळत नाही. नव्या बल्बच्या काचेला बोट लावू नकोस.

आणि शेवटी, दिव्यांच्याही आधीची गोष्ट. डिप्परवर तुला जेमतेम पन्नास-साठ मीटर दिसतं. ताशी ८० नं जाताना सेकंदाला २२ मीटर मागे पडतात. पाय ब्रेकवर जाईपर्यंत ३० मीटरच्या वर गेले, आणि दाबून घट्ट झालेल्या बर्फावर थांबायला आणखी शंभर. ताशी ५० ला हे सगळं मिळून साठच्या आसपास येतं. तू चाळीसनं गेलास हे बरोबरच केलंस. माझ्या बघण्यातले जे खड्ड्यात गेले त्यांच्या दिव्यांत खोट नव्हती, ते दिसतं त्यापेक्षा पुढे धावत होते.

स्ट्रॅथरॉयकर काका

---

नमस्कार,

काकांनी समोरचं सांगितलं, मी मागचं सांगते. मी नर्स आहे, लंडनहून पेट्रोलियाला आठवड्यातून तीन रात्री जाते.

इथे १९८९च्या डिसेंबरनंतर बनलेल्या प्रत्येक गाडीला दिवसाचे दिवे आपोआप लागतात. ते पुढे लागतात, जुन्या गाड्यांत मागे काहीच लागत नाही. डॅशबोर्ड उजळलेला असतो, पुढे रस्त्यावर थोडा उजेड पडतो, आणि माणसाला वाटतं आपले दिवे चालू आहेत. मागच्या हिवाळ्यात भर बर्फात माझ्यापुढे दोन गाड्यांच्या अंतरावर एक काळी गाडी होती आणि मला ती ब्रेकचा लाल दिवा लागेपर्यंत दिसलीच नव्हती. सप्टेंबर २०२१पासून बनलेल्या गाड्यांना हा नियम बदललाय, पण २०१२ची गाडी जुन्या नियमातली. स्विच ‘ऑटो’वर ठेवून निर्धास्त राहू नका. दिवसा बर्फ पडत असताना सगळीकडे पांढरा उजेड असतो, सेन्सरला वाटतं लख्ख दुपार आहे. स्विच हातानं फिरवायचा, हेडलाइटच्या खुणेपर्यंत. दीडशे मीटरवरचं नीट दिसत नसेल तर दिवे लावणं ऑन्टारियोत कायद्यानंच बंधनकारक आहे.

दुसरं, माझ्या नव्या गाडीत कारखान्याचेच एलईडी आहेत. सुरेख उजेड. पण एका रात्री ४०२ वरच्या वायोमिंग गावाच्या आसपास रस्ता हळूहळू काळवंडत गेला. आधी वाटलं, माझेच डोळे थकले. एक्झिट घेऊन पेट्रोल पंपावर थांबले आणि खाली उतरून पाहिलं, तर इडलीपात्राच्या वाटीत पीठ भरावं तसा दोन्ही दिव्यांच्या खोबणीत बर्फ थापून बसलेला. वर गुळगुळीत, आत घट्ट. बोटानं टोकरला तेव्हा मागचा निळसर उजेड दिसला. हॅलोजनची उष्णता काचेवर येते आणि बर्फ थोडा तरी वितळतो. एलईडीची उष्णता मागच्या बाजूला जाते, पुढची काच गारच राहते. म्हणून, सार्नियाकर, तुमच्या जुन्या हॅलोजनला कमी लेखू नका.

तेव्हापासून मी मऊ ब्रश दाराच्या कप्प्यात ठेवते. बर्फ खरवडायचं पातं दिव्याला लावायचं नाही, चरे पडतात. प्रत्येक थांब्याला पुढचे दिवे, मागचे दिवे, नंबर प्लेट पुसायची. मागचे विसरू नका, हॅचबॅक आणि एसयूव्हीच्या पाठीवर वारा बर्फ ओढून आणतो. पण हायवेच्या कडेला थांबून हे करायचं नाही. एक्झिट घ्यायची, मगच उतरायचं.

आणि मुलीच्या हातात टॅबलेट असेल तर तो बंद, डॅशबोर्डचा उजेडही कमी. गाडीच्या आत अंधार असला की बाहेरचं दुप्पट दिसतं.

लंडनकर ताई

---

काका, ताई,

मनापासून आभार. बल्बचं पाकीट आलं, न फोडताच परत पाठवलं. त्यावर बारीक अक्षरात तेच लिहिलेलं होतं. हेडलाइटच्या काचा ओल्या कापडानं पुसल्या तर कापड पिवळसर झालं, म्हणजे काका म्हणतात तेच दुखणं आहे. ताईंचं वाचून बायकोला गाडीमागे उभं केलं आणि नुसती गाडी चालू केली. पुढे दिवे, मागे अंधार. शनिवारी तीन तास मी तसाच आलो असेन का, या विचारानं पोटात गोळा आला. स्विच फिरवला होता असं वाटतं, पण खात्रीनं आठवत नाही.

रविवारी पॉलिश करतोय. फॉगलाइट पगार झाल्यावर, ‘एफ’ बघूनच घेईन.

एक शंका. समोरून येणारे दोघे-तिघे त्या रात्री माझ्यावर दिवे मारत होते. अप्पर तर मी लगेच काढला होता. मग का?

सार्नियाकर

---

डिकीत काय होतं? मंडळाचे ढोल तूच नेलेस ना? तीन ढोल, दोन ताशे आणि मागच्या सीटवर माणसं, म्हणजे गाडीची पाठ दबली आणि नाक वर झालं. नाक बोटभर वर गेलं तरी डिप्परचा उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो. मागच्या मेलमध्ये हे लिहायला हवं होतं, राहून गेलं.

रविवारी पॉलिश झालं की अंधार पडल्यावर माझ्याकडे ये. गॅरेजच्या दारावर चिकटपट्टीनं रेघा मारून ठेवतो, दोन्ही हेडलाइटचे स्क्रू फिरवून उंची लावून टाकू. टायरमध्ये हवा बघून ये, पेट्रोल निम्मं तरी असू दे. ढोल माझ्या तळघरात ठेव, गुढीपाडव्याला इथूनच नेऊ. येण्याआधी ५११ वर, म्हणजे ऑन्टारियोच्या रस्त्यांची माहिती देणाऱ्या सेवेवर, रस्त्याची स्थिती बघ. वाटेतल्या वॉटफर्डच्या पुढे बर्फाचा इशारा असेल तर निघू नकोस, सोमवारी ये.

स्ट्रॅथरॉयकर काका