धागा : 'जॉनी गद्दार' कधी पाहिलात? अनुभव लिहा

श्रीराम राघवन म्हटलं की गप्पा 'अंधाधुन'वर येऊन थांबतात. पण २००७ सालचा त्यांचा 'जॉनी गद्दार' कितीतरी जणांचा राहून गेलाय, याची मला खरंच हळहळ वाटते. पाच भागीदार प्रत्येकी पन्नास लाख काढतात आणि त्यांच्यातलाच एक सगळी रक्कम एकट्याने लाटायला निघतो. तो कोण, हे आपल्याला लवकरच कळतं. बाकीच्यांना कळेपर्यंत आपला जीव टांगणीला! पाहिला असेल त्यांनी लिहा. शेवट मात्र फोडू नका.

—

पावसाळी रात्र, कृष्णधवल पडदा, पोलिसांची गाडी. त्यात दिग्दर्शक विजय आनंद आणि रहस्यकथाकार जेम्स हॅडली चेस यांना अर्पणपत्रिका! बाबांच्या कपाटात चेसच्या जुन्या पॉकेटबुकांची चळत असायची. त्यांना मुद्दाम शेजारी बसवून पुन्हा लावला. मध्यंतरात चहासुद्धा नको म्हणाले.

—

माझ्यासाठी हा सिनेमा धर्मेंद्रचा. त्याचा शेषाद्री टेपरेकॉर्डरवर दिवंगत बायकोच्या आवाजातलं 'मोरा गोरा अंग लइले' ऐकत बसतो. गाणं 'बंदिनी'तलं, १९६३ सालचं, आणि त्या सिनेमात धर्मेंद्र स्वतः होता. हे ठाऊक असलेल्याच्या पोटात तिथे कालवतंच. पण ठाऊक नसलं तरी त्या म्हाताऱ्याचं एकटेपण पोचतं, कारण धर्मेंद्र काहीच करत नाही, नुसता ऐकतो. आरडाओरडा नाही, भाषण नाही. इतक्या उशिरा इतकं नेमकं काम त्याच्याकडून काढून घेणाऱ्या दिग्दर्शकाला सलाम.

—

अश्विनी काळसेकर! विनय पाठकच्या बायकोची भूमिका, वेळ थोडा, पण तिच्या वाट्याचा शेवटचा प्रसंग पाहून मी गप्प झाले होते.

—

नील नितीन मुकेशचा नायक म्हणून हा पहिलाच सिनेमा. गोरागोमटा, शांत चेहरा, त्यामुळे संशय येतच नाही. टीव्हीवर 'परवाना' हा जुना सिनेमा बघता बघता त्याला युक्ती सुचते, ती जागा मला फार आवडते. ऑफिसातल्या पोरांना मी एवढंच सांगतो : ट्रेलर बघू नका, कथा वाचू नका, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि रेल्वेच्या प्रसंगात पाणी प्यायलाही उठू नका. दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी त्यांच्याकडे दुसरा विषय नसतो.