वाटेत फुटलेला माल आणि ग्राहकाची परताव्याची मागणी

घडणकाम (प्रश्न)

मी चाकावर मातीची भांडी घडवते आणि ऑनलाइन विकते. अलीकडे पाठवलेल्या सहा कपांच्या एका संचातले दोन कप वाटेत फुटले. पार्सल मिळाल्यानंतर तिसऱ्या दिवशी ग्राहकाने एक छायाचित्र पाठवून संपूर्ण रक्कम परत मागितली. छायाचित्रात फुटलेले कप टेबलावर ठेवलेले दिसतात, खोका मात्र त्यांनी आदल्या दिवशीच टाकून दिला होता. दोन कप नव्याने पाठवण्याची तयारी मी दाखवली, पण त्यांना ती मान्य नाही.

कुरिअर कंपनीकडे तक्रार केली तेव्हा मूळ खोका आणि आतले पॅकिंग तपासल्याशिवाय दावा पुढे सरकणार नाही, असे उत्तर आले. ते उत्तर मी ग्राहकाला जसेच्या तसे कळवले आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत थांबण्याची विनंती केली. त्यानंतर त्यांचा सूर बदलला आणि आता ते आपल्या बँकेकडे तक्रार करण्याची भाषा करत आहेत.

चार कप शाबूत असताना सगळे पैसे परत करणे मला जड जाते आहे, कारण एकेका संचामागे माझे कित्येक दिवसांचे काम असते. दुसरीकडे, त्यांनी पैसे मोजले ते फुटलेल्या कपांसाठी नव्हे, हेही मला कळते. कुरिअरकडून भरपाई मिळण्याआधीच परतावा देणे मला बंधनकारक आहे का? द्यायचा झाल्यास तो पूर्ण द्यावा की दोन कपांपुरता? आणि पुढे अशी वेळ आली, तर ग्राहकावर संशय घेतल्यासारखे न वाटता पुरावा कसा मागावा?

जुनी वही

तुमची अडचण मी स्वतः अनुभवली आहे, म्हणून आधी मूळ मुद्दा सांगतो. येथे दोन वेगळे हिशेब आहेत आणि ते एकमेकांत मिसळल्यामुळे गुंता झाला आहे. पहिला हिशेब तुमचा आणि ग्राहकाचा, दुसरा तुमचा आणि कुरिअरचा. वाहतुकीचा करार तुम्ही केलेला आहे, ग्राहकाने नाही. कुरिअर कोणते निवडायचे, विमा घ्यायचा की नाही, खोका कसा भरायचा, यांपैकी एकही निर्णय त्यांच्या हातात नव्हता. म्हणून कुरिअरच्या निकालाची वाट पाहण्याचा भार त्यांच्यावर टाकता येत नाही.

अनेक ठिकाणी कायदाही याच दिशेने आहे. युरोपीय संघाच्या 2011 च्या ग्राहक हक्क निर्देशानुसार माल ग्राहकाच्या प्रत्यक्ष ताब्यात येईपर्यंत नुकसानीची जोखीम विक्रेत्याकडे राहते. ग्राहकाने विक्रेत्याने न सुचवलेला वाहक स्वतः ठरवला असेल, एवढाच त्याला अपवाद आहे. ब्रिटनच्या 2015 च्या ग्राहक हक्क कायद्यातही हेच तत्त्व आहे. व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांमधील व्यवहारात करारानुसार जोखीम आधीच हस्तांतरित होऊ शकते, पण घरगुती ग्राहकाला ती पट्टी लावणे योग्य नाही. तुमच्या ग्राहकाच्या देशात नेमका नियम काय आहे आणि तुम्ही ज्या विक्रीमंचावर विकता त्याच्या अटी काय आहेत, हे मात्र तपासून घ्या, कारण बऱ्याच मंचांवर उत्तर देण्याची मुदत काही दिवसांचीच असते आणि ती चुकली की निर्णय आपोआप ग्राहकाच्या बाजूने लागतो.

पूर्ण की अर्धा, या प्रश्नावर माझे मत पूर्ण परताव्याकडे झुकते. तुम्ही सहा सुटे कप विकले नाहीत, संच विकला. एकाच भट्टीत भाजलेल्या कपांची झिलई दुसऱ्या खेपेला हुबेहूब जुळत नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. चार कप ठेवून घेण्याची ग्राहकाची इच्छा असेल तर दोन कपांच्या किमतीहून थोडी अधिक रक्कम देऊ करणे रास्त ठरेल, परंतु तो पर्याय त्यांनी निवडायचा आहे, तुम्ही लादायचा नाही. त्यांनी सगळे पैसे मागितले, तर शाबूत चार कप तुमच्या खर्चाने परत मागवण्याचा विचार तुम्ही करू शकता. फुटलेले तुकडे मात्र परत मागू नका. काचऱ्यांचे पार्सल बांधायला लावणे त्यांच्यासाठी धोक्याचे आहे आणि तुमच्या काही कामाचेही नाही.

पैसे ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने परत करा. घाईत वेगळ्या खात्यावर रक्कम पाठवली आणि ग्राहकाने आधीच बँकेकडे तक्रार केलेली असली, तर तीच रक्कम दुसऱ्यांदा तुमच्याकडून वळती होऊ शकते. माझ्या बाबतीत एकदा असे घडले आणि मूळ व्यवहाराशी न जोडलेला परतावा सिद्ध करण्यात बरेच आठवडे गेले.

दावा विभाग

मी काही वर्षे एका कुरिअर कंपनीत नुकसानीचे दावे तपासण्याचे काम केले आहे, म्हणून टेबलाच्या पलीकडच्या बाजूने लिहितो. खोका मागितला जातो तो केवळ दावा लांबवण्यासाठी नव्हे. खोका चेपलेला, फाटलेला किंवा टोकाशी दबलेला असेल आणि आतला माल फुटलेला असेल, तर हाताळणीत चूक झाल्याचे दिसते. खोका बाहेरून धडधाकट असून आतली वस्तू फुटली असेल, तर तपासणारा प्रथम पॅकिंगकडे बोट दाखवतो. ज्या खुणेवर निकाल ठरतो ती खूण खोक्यावर असते आणि लोक नेमका तोच आधी टाकतात.

मुदतींविषयीही नेमके माहीत असलेले बरे. आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीला 1999 चा मॉन्ट्रियल करार लागू असेल, तर मालाच्या नुकसानीची लेखी तक्रार नुकसान लक्षात येताच आणि उशिरात उशिरा पार्सल मिळाल्यापासून 14 दिवसांत करावी लागते. रस्त्याने होणाऱ्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीच्या 1956 च्या करारात वरून दिसणारे नुकसान पार्सल घेतानाच नोंदवावे लागते, तर आत दडलेल्या नुकसानीसाठी रविवार आणि सार्वजनिक सुट्या वगळून 7 दिवस असतात. टपाल खात्यामार्फत पाठवलेल्या पार्सलांचे नियम यांहून वेगळे असतात. देशांतर्गत पार्सलांसाठी वाहकाच्या पावतीवरील अटी वाचाव्या लागतात आणि तिथली मुदत याहूनही कमी असू शकते. ग्राहकाने तुम्हाला तिसऱ्या दिवशी कळवले, ही तुमच्या दृष्टीने जमेची बाजू आहे. त्याच दिवशी कुरिअरला लेखी कळवले असेल, तर त्या पत्राची प्रत जपून ठेवा.

भरपाईच्या रकमेबाबत बहुतेकांची निराशा होते. मॉन्ट्रियल करारात वाहकाची जबाबदारी वजनावर मोजली जाते. 28 डिसेंबर 2024 पासून ती मर्यादा दर किलोला 26 एसडीआर आहे, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबी एककात. हाताने घडवलेल्या हलक्या कपाची किंमत या मापात बसत नाही. पार्सल सोपवताना जास्त मूल्य जाहीर करून त्याचे शुल्क भरले, तर ही मर्यादा वाढवता येते. पण जाहीर मूल्य म्हणजे विमा नव्हे, हे लक्षात ठेवा. जाहीर मूल्याने फक्त वाहकाच्या जबाबदारीची कमाल रक्कम वाढते, आणि पॅकिंग अपुरे ठरले तर त्या वाढीचा उपयोग होत नाही, कारण सदोष पॅकिंग हे या दोन्ही करारांत वाहकाला जबाबदारीतून मोकळे करणारे कारण आहे. काच आणि चिनी माती काही वाहक भरपाईतून आधीच वगळतात, तेही पाहून घ्या. संच असला तरी अनेकदा फुटलेल्या नगांपुरतीच भरपाई मिळते, त्यामुळे ग्राहकाला पूर्ण परतावा देऊन कुरिअरकडून दोन कपांचेच पैसे मिळण्याची तयारी मनाशी ठेवावी.

खोका गेला म्हणून दावा सोडून देऊ नका. पार्सल पाठवण्यापूर्वी पॅकिंगची छायाचित्रे काढली होती का? असली तर ती, बिलाची प्रत, रवानगीच्या वेळी नोंदलेले वजन आणि ग्राहकाचे छायाचित्र एकत्र जोडून, खोका उपलब्ध नसल्याचे स्पष्ट लिहून पाठवा. असे दावे मान्य होताना मी पाहिले आहेत, मात्र कमी वेळा.

घडणकाम

दोघांचेही मनापासून आभार. पॅकिंगची छायाचित्रे मी काढली नव्हती, ही उणीव माझीच आहे. कुरिअरला मी ग्राहकाचा निरोप आला त्याच संध्याकाळी ईमेलने कळवले होते, ते पत्र सापडले. पूर्ण परतावा देण्याचे मी ठरवले आहे. एक शंका उरते. छायाचित्रात तुकडे थोडे कमी वाटतात आणि एका कपाच्या झिलईवर बारीक रेषांचे जाळे दिसते. यावरून काही अर्थ काढावा का?

जुनी वही

झिलईवरचे जाळे धक्क्याने पडत नाही. माती आणि झिलई तापल्या-निवल्यावर कमी-अधिक प्रसरण-आकुंचन पावतात, त्यातून ते निर्माण होते, आणि ते भट्टीतून काढल्यावर काही दिवसांनी किंवा महिन्यांनीही उमटू शकते. म्हणजे ती रेघ ग्राहकाविरुद्धचा पुरावा नाही आणि तुमच्याविरुद्धचाही नाही. तुकडे कमी दिसण्याचे कारण बहुधा साधे असते: बारीक कपच्या खोक्यातल्या भरणात राहतात आणि खोक्याबरोबरच जातात.

एका छायाचित्रावरून कोणाला खोटे ठरवू नये, असे मला ठामपणे वाटते. फसवणूक होते, पण ती एका प्रसंगातून नव्हे, पुनरावृत्तीतून ओळखता येते. एकाच पत्त्यावरून किंवा खात्यावरून तिसऱ्यांदा तशीच तक्रार आली, तर त्या वेळी अधिक पुरावा मागा. तोपर्यंत सर्व ग्राहकांना एकच मजकूर पाठवा, म्हणजे संशय कोणावरही वेगळा रोखला जात नाही. मी पाठवतो तो मजकूर असा आहे: "आपल्याला फुटलेला माल मिळाला याबद्दल मी दिलगीर आहे. आपले पैसे परत मिळतील किंवा नवा नग मिळेल, निवड आपली. कुरिअरकडे दावा करण्यासाठी मला फुटलेल्या वस्तूचे, खोक्याच्या सर्व बाजूंचे, आतील भरणाचे आणि पत्त्याच्या चिठ्ठीचे छायाचित्र लागेल. शक्य असल्यास तपासणी होईपर्यंत खोका आणि तुकडे जपून ठेवावेत. छायाचित्रे मिळाली नाहीत तरी आपल्या परताव्यावर त्याचा परिणाम होणार नाही." शेवटचे वाक्य लिहिल्यापासून छायाचित्रे जास्त वेळा आणि लवकर येतात, असा माझा अनुभव आहे.

खोका टाकला जाण्याचा प्रश्न मी वेगळ्या रीतीने सोडवला. पार्सलमध्ये सर्वांत वर एक चिठ्ठी असते: काही फुटलेले आढळल्यास खोका टाकू नका, आधी छायाचित्र काढा आणि मला कळवा. ही विनंती खोका उघडण्याच्या क्षणी वाचली गेली पाहिजे. विक्रीच्या पानावर लिहिलेली सूचना तोपर्यंत कोणाच्या लक्षात राहत नाही.

कागदी खोका

मी पॅकिंगपुरते बोलते. बाहेरच्या बाजूला "नाजूक" अशी चिठ्ठी चिकटवली म्हणून पार्सल वेगळे हाताळले जाईल असे धरू नका. ते यांत्रिक पट्ट्यांवरून जाते, घसरते, इतर पार्सलांखाली दबते. प्रत्येक कप स्वतंत्रपणे बबल रॅपमध्ये गुंडाळा आणि आतली पोकळीही कागदाने भरा. कान बाजूला फिरवून ठेवा, म्हणजे ते एकमेकांना टेकणार नाहीत. मग आतला खोका दुसऱ्या, दुहेरी पन्हळीच्या नव्या खोक्यात ठेवून सर्व बाजूंनी किमान 5 सेंटिमीटर भरण द्या. वापरलेला खोका दिसायला ठीक असला तरी त्याची ताकद उतरलेली असते. ताटल्या आडव्या न रचता कडेवर उभ्या ठेवा. सर्व झाल्यावर खोका दोन्ही हातांनी हलवा; आत काहीही सरकल्याचे जाणवले, तर भरण कमी आहे.

घडणकाम

आज मूळ व्यवहारातूनच पूर्ण रक्कम परत केली आणि चार कप ठेवून घ्या असे ग्राहकाला कळवले. त्यांनी उत्तरात, बँकेकडे तक्रार अजून केली नव्हती आणि आता करणार नाही, असे लिहिले आहे. कुरिअरकडील दावा खोका नसल्याचा खुलासा देऊन पुन्हा दाखल केला आहे. उद्या निघणाऱ्या दोन पार्सलांची छायाचित्रे आता खोका बंद करण्यापूर्वी काढते आहे, आणि वर ठेवायची चिठ्ठी लिहून झाली आहे.