उशीर झाल्याची तक्रार ट्रायब्युनलकडे नाही

मुलाच्या शाळेतल्या खास मदतीवरून इंग्लंडमधल्या कौन्सिलशी, म्हणजे स्थानिक पालिकेशी, भांडायचं तर ट्रायब्युनलच (असे वाद ऐकणारं न्यायाधिकरण), असं बरेच जण म्हणतात. ते अर्धंच खरं. ईएचसी प्लॅन म्हणजे मुलाला कोणती खास मदत द्यायची हे लिहिलेला कौन्सिलचा कायदेशीर आराखडा. त्यातला मजकूर किंवा शाळा पटली नाही तर ट्रायब्युनल. पण प्लॅन तयार करून द्यायची २० आठवड्यांची मुदत उलटली, किंवा प्लॅनमध्ये लिहिलेली मदत मिळतच नसेल, तर ऑम्बड्समनकडे, म्हणजे कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेकडे जायचं. पैसे लागत नाहीत, मात्र आधी कौन्सिलकडे रीतसर तक्रार करावी लागते.

आमच्या लेकाच्या प्लॅनमध्ये स्पीच थेरपी होती, पण अख्खी टर्म कुणी फिरकलं नाही. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर बुडालेल्या प्रत्येक तासावर मी लाल फुली मारत गेले. तक्रारीला तीच पानं जोडली. फोनवरचं बोलणं नंतर कुणाला आठवत नाही हो. आणि साधारण १२ महिन्यांच्या आत जा, जुन्या तक्रारी सहसा घेत नाहीत.