नवा ग्राफिक्स ड्रायव्हर आला की टाकलाच पाहिजे का? (सिमवाल्यांसाठी)

अर्धवट फ्लॅप

परवा सिमवाल्यांच्या (संगणकावर फ्लाइट सिम्युलेटरमध्ये विमान उडवणाऱ्यांच्या) ग्रुपवर एका उत्साहमूर्तीने लिहिलं, "नवा ग्राफिक्स ड्रायव्हर आला की त्याच दिवशी टाकायचा. जुन्यावर उडणारे आळशी. मग हेच लोक सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्स पडल्या म्हणून गळा काढतात." खाली सतरा अंगठे. तिथे दोन ओळी खरडून समाधान होईना, म्हणून हा धागा.

दोन वर्षांपूर्वी मीही ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, लगेच टाकायचो. सुट्टीचा दिवस, नऊ तासांचं उड्डाण. निघायच्या आधी कोपऱ्यात नव्या ड्रायव्हरची चौकट उघडली, दाबलं 'हो'. समुद्रावरून आठ तास चाळीस मिनिटं काही म्हणता काही झालं नाही. ऑनलाइन उडणाऱ्यांच्या नेटवर्कवर खराखुरा माणूस हवाई कंट्रोलर म्हणून बसलेला. त्याने मला रांगेत घेतलं, गियर खाली, फ्लॅप्स पूर्ण. विमान जमिनीपासूनचे फूट मोजायला लागलं : "फॉर्टी... थर्टी..." आणि त्या "थर्टी"चंच शेपूट भुंग्यासारखं कानात घुमत राहिलं. पडदा काळा. मग डेस्कटॉप. विंडोजच्या नोंदवहीत, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, नोंद ४१०१ : डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं होतं, आता तो सावरला आहे. तो सावरला! माझ्या विमानाचं काय झालं ते कंट्रोलरला विचारा. मागचा ड्रायव्हर परत टाकला, तोच मार्ग पुन्हा उडवला, सुखरूप उतरलो.

तेव्हापासून चालत्या गाडीचं बॉनेट उघडत नाही. सध्याचा ड्रायव्हर आठ महिने जसाच्या तसा आहे आणि सगळं रेशमासारखं चालतंय. गेल्या आठवड्यात दोन उड्डाणांत धक्के बसले, पण ती नव्या सिनरीची (सिममधल्या जमीन-विमानतळांच्या देखाव्याची) करणी. तिसऱ्यापासून आपोआप गेले.

बाकी गेमवाल्यांचं ठीक आहे, त्यांचा डाव वीस मिनिटांत संपतो. मधेच कोसळला तर दुसरा मांडतात.

उंटावरचा पायलट

एकदा आपटलात म्हणून दोन वर्षं सोवळं पाळताय? ४१०१ दिसला की ड्रायव्हरच गुन्हेगार, हे कुणी ठरवलं? कार्डाने उत्तर द्यायला विंडोज मुळात दोन सेकंदांची मुदत देते. उत्तर नाही आलं की ड्रायव्हर मानगूट धरून पुन्हा उभा करते, आणि त्या धक्क्यात सिम जातं. उत्तर न येण्याची कारणं मात्र डझनभर असतात : तापलेलं कार्ड, दमलेला पॉवर सप्लाय, ओव्हरक्लॉक (कार्ड ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं), तुडुंब भरलेली मेमरी. ती नोंद निरोप्याची आहे, मारेकऱ्याची नाही.

आणि जुन्यावर तोच मार्ग एकदा, फक्त एकदा, उडवून दाखवला की झालं सिद्ध?

कार्ड ओव्हरक्लॉक केलेलं होतं का, तेवढं सांगा.

अर्धवट फ्लॅप

होतं थोडं. पण ते आधीही होतंच की!

उंटावरचा पायलट

"थोडं". बरं.

निळा पडदा

अर्धवटराव, मी तुमच्या बाजूने. मार्च २०१० आठवतोय का कुणाला? एनव्हिडियाचा १९६.७५ आला, पंख्यांचं नियंत्रण बिघडून कार्डं तापल्याच्या तक्रारी आल्या, कंपनीने तो मागे घेतला. फार जुनं वाटत असेल तर ऑक्टोबर २०२३ घ्या. एएमडीने ड्रायव्हरमधून अँटी-लॅग प्लस ही उशीर कमी करण्याची सोय आणली, ती खेळाच्या डीएलएलमध्ये (कोडच्या फायलींमध्ये) हात घालत होती, आणि काउंटर-स्ट्राइक २ मध्ये लोकांवर फसवणुकीचा शिक्का बसून बंदी आली. तीही मागे घ्यावी लागली. पहिल्या दिवशी टाकणारे म्हणजे बिनपगारी टेस्ट पायलट. माझ्यासाठी कुणीतरी आपटून घेतं याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. पंधरा दिवस थांबतो, कण्हण्याचा आवाज आला नाही तर टाकतो.

शिवाय माझं कार्ड एनव्हिडियाच्या जुन्या पास्कल पिढीतलं. ऑक्टोबर २०२५ नंतर त्याला फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार. त्याआधीच्याही प्रत्येक ड्रायव्हरची माहिती वाचायचो. मी कधीच न खेळणाऱ्या चार नेमबाजीच्या खेळांची नावं, बस्स. सिमवाल्यांना त्यात काय मिळायचं?

तिरका वारा

मढी उकरायचीच तर दोन्हीकडची उकरा. एएमडीचं ओपनजीएल (कार्डाकडून चित्र काढून घेण्याची एक भाषा, डायरेक्टएक्स ही दुसरी) वर्षानुवर्षं लंगडत होतं. जुलै २०२२ मध्ये २२.७.१ आला आणि तीच कार्डं ओपनजीएलमध्ये उठून पळायला लागली. इंटेलची आर्क कार्डं २०२२ मध्ये आली तेव्हा डायरेक्टएक्स ९ वर धापा टाकत होती. त्याच डिसेंबरच्या ड्रायव्हरने चित्र पालटलं. लोखंड तेच, फक्त ड्रायव्हर बदलला. "चालतंय ना" म्हणून बसलेल्यांना ते कधी कळलंच नसेल.

फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम्स कार्डानेच बनवणं), डीएलएसएसचं (लहान चित्र एआयने मोठं करण्याच्या एनव्हिडियाच्या तंत्राचं) नवं मॉडेल, हे काय जुन्या ड्रायव्हरवर आकाशातून पडणार? गेल्या जानेवारीत मी फक्त ड्रायव्हर आणि डीएलएसएस बदललं, तर कॉकपिटच्या पडद्यांवर आकड्यांमागे जी भुतासारखी शेपटी ओढली जायची, ती जवळजवळ गेली. अल्टिमीटर फिरताना आकडे वाचता येतात हो! तीन वर्षं मी ते धुरकट वाचत होतो.

आणि सुरक्षेच्या दुरुस्त्यांना "फक्त" म्हणू नका. ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, बसतो. त्याच मशीनवरून तुम्ही बँकेतही जाता ना?

सेफ मोड

इथे कुणी नीट टाकतच नाही आणि मग भांडता. जुन्याच्या डोक्यावर नवा थापायचा नसतो. पद्धत अशी : नवा आधी उतरवून ठेवा. नेटची केबल उपटा, अगदी हाताने. सेफ मोडमध्ये (विंडोजच्या किमान ड्रायव्हरांवर चालणाऱ्या अवस्थेत) जा, भले मोठे आयकॉन बघून घाबरू नका. डीडीयू (जुना ड्रायव्हर मुळासकट पुसणारं साधन) चालवा, मशीन पुन्हा चालू करा, नवा टाका, मगच केबल जोडा. केबल काढली नाहीत तर तुम्ही चहा पिऊन येईपर्यंत सिस्टिम स्वतःच्या मनाने एक ड्रायव्हर आणून बसवते.

दुसरं म्हणजे, ड्रायव्हर बदलला की शेडर कॅशे (चित्र रंगवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा तयार साठा) नव्याने बांधली जाते. पहिल्या उड्डाणात मान वळवली की धक्का, ढगात शिरलात की धक्का. डीसीएस हे लढाऊ विमानांचं सिम वापरणाऱ्यांनी एफएक्सओ आणि मेटाशेडर्स२ हे फोल्डर स्वतः रिकामे करावेत. दोन उड्डाणं सोसायची, मग मत द्यायचं. निम्मे लोक पहिल्या दहा मिनिटांत "नवा ड्रायव्हर भंगार" लिहून मोकळे होतात.

उंटावरचा पायलट

दर वेळी डीडीयू? हे म्हणजे चादर बदलायला पलंग मोडणं झालं. इन्स्टॉलरमध्ये क्लीन इन्स्टॉलची खूण असते, रोजच्याला ती पुरते. कार्डाची कंपनी बदलली किंवा सगळंच बिघडलं तर डीडीयू. शेडरचं मात्र खरं आहे. ते अर्धवटरावांनी दोनदा वाचावं.

पहिली एकल

नमस्कार. माझा ड्रायव्हर साधारण वर्षभर जुना आहे. त्रास काही नाही. टाकू की नको?

तिरका वारा

मला खरी गंमत याची वाटते, की "चालतंय ते बदलू नका"वाले हेच महाभाग दर २८ दिवसांनी एअरॅक (हवाई मार्ग-विमानतळांचा ताजा डेटा) मात्र मुहूर्त गाठून बदलतात. गुरुवार उजाडला की नवं चक्र! तिथे नाही हो बॉनेटची आठवण होत?

अर्धवट फ्लॅप

एअरॅकची तुलनाच चुकीची. तो खऱ्या जगात बदलतो म्हणून आपण बदलतो. कंट्रोलर नवा स्टार (विमानतळाकडे येण्याचा ठरलेला मार्ग) देतो, तो एफएमसीत (विमानाच्या मार्ग-संगणकात) नसला की मागच्या तिघांचा खोळंबा होतो. ती सभ्यता आहे.

होल्डिंग पॅटर्न

कसली सभ्यता, निव्वळ हौस. अ‍ॅड-ऑनसोबत आलेल्या चक्रावर मी तीन वर्षं उडतोय, एकटाच, ऑफलाइन. माझ्या आकाशातला कंट्रोलर मीच.

उलट नव्या डेटानेच गोंधळ होतो. चुंबकीय उत्तर सरकते, त्यावरून ठरणारे धावपट्ट्यांचे आकडे बदलतात. लंडन स्टॅनस्टेड २००९ पर्यंत ०५/२३ होतं, मग ०४/२२ झालं. माझं सिम, एफएसएक्स, २००६ चं. तुम्ही डेटा ताजा केलात की एफएमसी म्हणणार २२ आणि डांबरावर रंगवलेलं २३. शेवटच्या पाचशे फुटांवर मी कुणावर विश्वास ठेवायचा?

अर्धवट फ्लॅप

डोळ्यांवर. आणि २००६ च्या सिमवर उडणाऱ्याने इथे एअरॅकवर प्रवचन देऊ नये.

होल्डिंग पॅटर्न

आठ महिने जुना ड्रायव्हर मिरवणाऱ्याने मला जुनेपण शिकवू नये.

निळा पडदा

एअरॅकवरून आठवलं. एरवी वर्षात तेरा चक्रं असतात, पण २०२० साली चौदा बसली. शेवटचं ३१ डिसेंबर २०२० ला लागू झालं, त्याचा क्रमांक २०१४, म्हणजे विसाव्या वर्षातलं चौदावं. त्या जानेवारीत मी मोठ्या फुशारकीने "२०१४ वर आहे" लिहिलं, तर एकाने सहा वर्षं जुना डेटा वापरतो म्हणून मला चार ओळी झापलं. समजावून सांगितलं तरी माफी नाही. अजून राग आहे मला त्याचा.

तिरका वारा

तो मीच होतो बहुतेक.

निळा पडदा

मग मागा आता.

तिरका वारा

क्रमांक देण्याची पद्धतच गाढवपणाची आहे. एवढीच मिळेल.

होल्डिंग पॅटर्न

मूळ मुद्दा असा, की एकट्याने उडणाऱ्याला ना एअरॅक लागतो ना ड्रायव्हर. ज्यांना दुसऱ्यांना दाखवायचं असतं त्यांना सगळं ताजं लागतं.

सेफ मोड

हे जरा अति होतंय. मी डीडीयू कुणाला दाखवायला करत नाही, सेफ मोडमध्ये स्क्रीनशॉटही धड दिसत नाही.

पहिली एकल

माझा प्रश्न राहिला का वर?

उंटावरचा पायलट

एअरॅकसाठी वेगळा धागा काढा की. अर्धवटराव, दोन गोष्टी करा. सिमच्या डेव्हलपर मोडमधला फ्रेम काउंटर लावा, आणि मोठ्या विमानतळावर उभं राहून काय लिहून येतं ते सांगा.

अर्धवट फ्लॅप

"लिमिटेड बाय मेनथ्रेड". नेहमीच येतं ते.

उंटावरचा पायलट

म्हणजे गर्दीच्या विमानतळावर तुमच्या फ्रेम्स प्रोसेसर अडवून बसलाय. कार्ड बिचारं हाताची घडी घालून उभं. तिथे ड्रायव्हर नवा टाका नाही तर आजोबांच्या काळचा, फार काही हलणार नाही. हे तिरक्या वाऱ्यालाही लागू आहे, नुसतं टाळ्या वाजवू नका.

तिरका वारा

मेनथ्रेड मोकळा असतानाही उडतात लोक. डोंगराळ भागात, ढगांत, व्हीआरमध्ये. पण गर्दीच्या विमानतळापुरतं मान्य. तेवढ्यापुरतंच.

उंटावरचा पायलट

आता दुसरी गोष्ट. गेल्या आठवड्यात दोन उड्डाणं धक्के, तिसऱ्यापासून आपोआप गायब, असं तुम्हीच पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय. सिनरी वाईट असेल तर तिसऱ्या उड्डाणातही वाईटच राहते. सिस्टिमच्या सेटिंग्जमध्ये अपडेट हिस्टरी उघडा. तिथे ड्रायव्हर अपडेट्स असा वेगळा गठ्ठा असतो. त्यातली तारीख सांगा.

होल्डिंग पॅटर्न

बसलो मी पुढच्या रांगेत.

अर्धवट फ्लॅप

पाहिलं. "डिस्प्ले" म्हणून एक नोंद आहे. मागचा मंगळवार. यशस्वीरीत्या स्थापित. मला विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं.

म्हणजे आठवडाभर मी नव्याच ड्रायव्हरवर उडतोय आणि नव्याला नावं ठेवत इथे निबंध लिहितोय. हसून घ्या एकदाचे.

तरी माझा मुद्दा उलट पक्काच झाला. बदलायचा तर माणसाने स्वतः ठरवून बदलावा, मागच्या दाराने नको. ती आपोआप ड्रायव्हर आणण्याची सोय आत्ताच बंद केली.

उंटावरचा पायलट

आणि हा नवा काढून जुना घालणार का?

अर्धवट फ्लॅप

आता चालतोय तर कशाला हात लावू? ओव्हरक्लॉक काढलाय मात्र. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

उंटावरचा पायलट

छे, छे. मुळीच नाही.

पहिली एकल

मग मी टाकू ना?

तिरका वारा

टाका. आजच.

निळा पडदा

पंधरा दिवस थांबा.

सेफ मोड

केबल काढून.

होल्डिंग पॅटर्न

टाका नाही तर नका टाकू, पण एअरॅकवर पैसे घालवू नका.