मदत हवी आहे: मुलांना घेऊन वर्षभर जगप्रवास, युरोपचं गणित बसत नाहीये

पाचवं_चाक
चौघं वर्षभरासाठी निघतोय. जगप्रदक्षिणेचं तिकीट शुक्रवारपर्यंत काढायचंय, पण युरोपचे साडेचार महिने काही केल्या बसत नाहीत. मार्ग असा: केनिया, युरोप, पेरू, जपान. उपाय सांगा. 'मुलांना घेऊन कशाला' हे नको, ते घरचे रोज ऐकवतात.

शंकासूर
मुलं केवढी? पासपोर्ट कुठले, मुदत कधीपर्यंत?

नकाशेवाला
अडलंय ते शेंगेनमुळे, म्हणजे आपसात सीमा-तपासणी नसलेला युरोपातल्या देशांचा गट. या २९ देशांत मिळून कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. पोचल्याचा आणि निघाल्याचा दिवसही धरतात. मुलांनाही सूट नाही.

चलता_है
त्यात काय! मधे दीड महिना क्रोएशियात काढा. सगळे तेच करतात.

नकाशेवाला
करायचे. १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये आहे. रोमानिया, बल्गेरियाही २०२५ पासून पूर्णपणे आत. जुने ब्लॉग वाचून सल्ले देऊ नका राव. अल्बानिया, बोस्निया, तुर्कस्तान, आयर्लंड, सायप्रस इथले दिवस शेंगेनमध्ये मोजत नाहीत. ४५ दिवस आत, ४५ बाहेर, पुन्हा ४५ आत. व्हिसा लागत असेल तर मल्टिपल एंट्रीच मागा, नाहीतर बाहेर पडलात की परतीचं दार बंद.

पाचवं_चाक
हे जमेल! मोठी नऊ वर्षांची, धाकटा दीड. पासपोर्ट आहेत सगळ्यांचे.

शंकासूर
आहेत हो, पण मुदत? मुलांचा पासपोर्ट बऱ्याच देशांत पाचच वर्षांचा मिळतो, आणि अनेक देश प्रवेशाच्या वेळी सहा महिने शिल्लक मागतात. म्हणजे निघतानाच दीड वर्ष हातात हवं. शिवाय धाकटा वाटेत दोन वर्षांचा होणार. त्यानंतरच्या विमानांत त्याला मांडीवर घेता येत नाही, वेगळी सीट लागते. तिकीट काढतानाच जन्मतारीख सांगा, मागाहून जोडायला गेलात तर महाग पडतं.

चलता_है
शाळेचं काय करणार? गणित मागे पडतं हां.

नकाशेवाला
विचारलंय का त्यांनी?

चमचाभर_साखर
लशींचं कुणीच बोललं नाही. केनियात पीतज्वराचा धोका आहे, त्यामुळे तिथून पुढे जाताना काही देश लशीचा दाखला बघतात. तो टोचल्यानंतर १० दिवसांनी ग्राह्य होतो, आता आयुष्यभर चालतो. गोवर-गालगुंड-रुबेलाची लस राहिली असेल तर दोन्ही एकाच दिवशी द्या, नाहीतर मधे चार आठवडे जाऊ द्या. आदल्या आठवड्यात धावाधाव केली की इथेच गाडी अडते.

रेबीजची पूर्वलसही विचारून घ्या. मुलं कुत्र्या-माकडांच्या अंगचटीला जातात, आणि उंची कमी म्हणून चावा तोंडावर, मानेवर बसतो. पूर्वलस असली तरी चावल्यावर जखम साबणाने १५ मिनिटं धुणं आणि पुढचे डोस चुकत नाहीत. पण इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागत नाही, आणि लहान गावांत नेमकं तेच मिळत नाही.

ट्रॉलीवाले_काका
चाकांची बॅग घेऊ नका. दगडी गल्ल्यांत चाकं तुटतात. पाठीवरचीच बरी.

नकाशेवाला
काका, तुमचं नाव बदला आधी. पाठीवर सॅक आणि कडेवर मूल, जिने कसे चढणार?

पाचवं_चाक
बॅगा घेऊन झाल्यात. तिकिटाचं सांगा, शेवटचा टप्पा बुकच होत नाहीये.

नकाशेवाला
होणार नाही. बहुतेक विमान कंपन्या साधारण ११ महिन्यांपुढची तारीख उघडत नाहीत. मिळेल ती शेवटची तारीख टाका आणि वाटेत पुढे ढकला. फक्त दोन गोष्टी आधी विचारा: तारीख बदलायला किती पैसे, आणि शहर बदलायला किती. दुसरं सहसा बरंच महाग असतं.

पाचवं_चाक
धन्यवाद. केनियाला मी आणि मुलंच आधी जाणार, हे तीन आठवड्यांनी येतील. त्याने तिकिटात फरक पडतो का?

शंकासूर
अहो ताई, हे आता सांगताय! तिकिटाचं नंतर. त्यांचं नोटरी केलेलं संमतीपत्र, त्यांच्या पासपोर्टची प्रत आणि मुलांचे जन्मदाखले हातातल्या बॅगेत ठेवा. पत्रात मुलांची नावं, पासपोर्ट क्रमांक, देश, तारखा हव्यात. मुलांचं आणि तुमचं आडनाव एकच आहे ना?

पाचवं_चाक
नाही.